निबंधाचा मांडव

आमच्या घरात कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगायची पद्धत नव्हती. ती पहिल्याच्याही आधीपासून सांगायची पद्धत होती. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, दारावरून जाता जाता कुणी "चहा झाला का आबा?" एवढंच विचारलं, तरी ते घोंगडी झटकून ऐसपैस बसायचे, "त्याचं आसं झालं" म्हणायचे, आणि चहातल्या दुधावरून म्हशीवर, म्हशीवरून ती आणली त्या बाजारावर, आणि बाजारावरून आपल्या घरी मेंढरं होती तेव्हा कुठल्या माळावर कुणी पाणी पाजलं होतं तिथवर मागं मागं जायचे. विचारणारा बिचारा उन्हात एका पायावर उभा. आबांचा चहा झाला होता की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळायचं नाही. तात्या, म्हणजे माझे वडील, त्यातल्या त्यात कमी बोलायचे. पण ऊस कारखान्याला गेला का, या प्रश्नाचं उत्तर तेही लागणीपासूनच सुरू करायचे. अशा घरात वाढलेल्या मुलीला निबंधात मार्क कमी पडले, तर त्यात तिचा दोष किती आणि रक्ताचा किती, हे मला पन्नाशी आली तरी ठरवता आलेलं नाही. माझी मुलगी तर म्हणते, "आई, तू 'पोचले' एवढं सांगायला जो व्हॉइस मेसेज पाठवतेस ना, तो मी दुप्पट वेगानं ऐकते. तरी तू पोचत नाहीस."

पणदऱ्यात कालव्याच्या फाट्याकडेला आमचं घर होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत आबांची बाज आणि बाजेला खेटून म्हैस. लाईट आली की विहिरीवरची मोटार हुंकार द्यायची, कारखान्याचा भोंगा झाला की आई भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. आणि या सगळ्यावर ताण करणारा एक आवाज घरात होता, तो बापूकाकांचा.

बापूकाका तात्यांचे धाकटे भाऊ. कारखान्यात स्टोअरला कामाला होते, पण ती नुसती नोकरी. त्यांचा खरा धंदा लग्नात माईकवर बोलण्याचा, आणि तो ते फुकट करायचे. आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी आलेल्या मानकऱ्यांचं नाव घेऊन स्वागत करावं लागतं. ज्याचं नाव राहिलं तो रुसतो, आणि रुसलेला माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत रुसलेलाच राहतो. बापूकाका कुणालाच रुसू द्यायचे नाहीत. आजी चेअरमन, माजी चेअरमन, व्हाईस चेअरमन, आणि चेअरमन व्हायचं मनात होतं पण जमलं नाही असे, सगळ्यांना ते "या ठिकाणी आवर्जून उपस्थित राहिलेले" म्हणून उभं करायचे. तिकडं नवरदेवाच्या बाशिंगातली फुलं मान टाकायची, पोरं भुकेनं रडायची, भटजी घड्याळाकडं बघून बघून शेवटी बघायचं सोडून द्यायचे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मुहूर्त हा पत्रिकेत छापायचा असतो, पाळायचा नसतो, ही समजूत रुजवण्यात आमच्या काकांचा मोठा वाटा आहे.

आणि याच काकांनी माझा निबंध हाती घेतला.

मी नववीत होते. सुट्टीच्या दिवशी काका पडवीत पालथी मांडी ठोकून बसले आणि मला समोर बसवून म्हणाले, "हे बघ कुंदे, निबंध म्हंजी लगीन. पयला काय पायजे? मांडव. मांडव म्हंजी प्रस्तावना. मांडवाला झालर पायजे, कमान पायजे, लांबून दिसला पायजे. मग पाव्हणं. पाव्हणं म्हंजी मुद्दे. एकेक मुद्दा आला की उठून हुभं ऱ्हायचं, टावेल-टोपी द्यायची, नारळ द्यायचा, मगच म्होरल्या मुद्द्याकडं जायचं. नुस्ता बसवून ठिवला की मुद्दा रुसतो."

"आन् नवरी?" माझी थोरली बहीण शैलाताई म्हणाली. ती आत भाकऱ्या थापत होती.

"नवरी येती की मागनं. कुटं पळून चालली?"

"जाती एखादी पळून," आई म्हणाली. "मांडवात लई येळ बसवलं तर."

काकांनी ते ऐकलं नाही. "आन् शेवट कसा करायचा सांगू? शेवट ठरलेला. 'जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही नम्र विनंती.' म्हंजी निबंधात काय, तर 'अशा प्रकारे आपण सर्वांनी प्रयत्न करूया.' कशाचा प्रयत्न, त्ये इचारायचं न्हाय."

आता हसू येतं, पण तेव्हा मी मान डोलावून डोलावून ऐकलं होतं. चाचणी परीक्षेत "माझी शाळा" हा निबंध आला. मी मांडव घातला. शिक्षण हा मानवाचा तिसरा डोळा, असं म्हणून प्राचीन काळापासून सुरुवात केली. प्राचीन काळी गुरुकुलं, गुरुकुलाभोवती आश्रम, आश्रमात झाडं, झाडाखाली हरणं. झाडांना टॉवेल-टोपी दिली, म्हणजे झाडांचे फायदे सांगितले. हरणांना नारळ दिला. पुरवणी मागून घेतली. आणि मोठ्या कष्टानं पायवाटेनं चालत चालत आमच्या शाळेच्या फाटकापाशी आले, तोवर खरी घंटा झाली आणि पेपर ओढून नेला. आमच्या मराठीच्या बाईंनी खाली लाल शाईनं एवढंच लिहिलं होतं: "शाळा कधी भरणार?" वर्ग आठवडाभर मला तेच विचारत होता. बाई मात्र प्रेमळ होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कुंदा, लिहितेस छान गं. पण किती लांबून चालत येतेस! वाचणारा दमतो."

बाईंच्याही आधी हे एका माणसाला कळलं होतं. शैलाताईला. ती माझ्याहून मोठी, दहावी करून घरी बसलेली. घरात सगळेच बोलणारे असल्यामुळं ऐकणारी ती एकटीच. माझे सगळे निबंध मी तिला चुलीपाशी बसून वाचून दाखवायचे. ती हातातलं काम सोडायची नाही, चांगलं म्हणायची नाही, वाईट म्हणायची नाही. आवडलं तर एकच शब्द म्हणायची: "पुढं?" तो शब्द आला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आणि नाही आवडलं तर ती उठायची. "म्हशीला पाणी दाखवून येते, तवर तुझी प्रस्तावना उरकून घे." गुरुकुलाच्या निबंधाला म्हशीला इतक्या वेळा पाणी दाखवलं गेलं, की शेवटी म्हशीनंच तोंड फिरवलं. पुढं आयुष्यात लिहिण्यावरची पुस्तकं मी थोडीफार चाळली. त्यात सगळं असतं, म्हशीचं नसतं.

एकदा मी वैतागून तिला म्हणाले, "मग तूच सांग की कसं लिहायचं."

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "पर तू मला शाळंतनं पळत येऊन सांगतीस ना, 'ताई, आज बाईंची चप्पल कुत्र्यानं नेली', तवा कुटं मांडव घालतीस? आधी कुत्रं येतं, मग चप्पल येती, मग बाई येत्यात. तसं लिव्ह."

मला ते पटलं नाही. निबंधात कुत्रं आधी आणणं मला अशोभनीय वाटलं.

पाहा, मीही मांडवातच फिरते आहे. नवरीकडं येते. ही नवरी अगदी खरीखुरी आहे, कारण त्या उन्हाळ्याच्या तोंडाला शैलाताईचं लग्न ठरलं. मुलगा इंदापूरचा, पंचायत समितीत कारकून. लग्न मुलाकडं, इंदापुरात. मुलाचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, लष्करातून रिटायर झालेले. मिशीला पीळ, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. सुपारी फुटली त्याच दिवशी ते तात्यांना म्हणाले, "आमच्याकडं साडेबारा म्हणजे साडेबारा." तात्यांनी काकांकडं बघितलं. काका छताकडं बघत होते.

पत्रिका वाटून झाल्या आणि शाळेत सूचना आली. तालुक्याच्या शाळांची निबंध स्पर्धा, बारामतीला, आणि दिवस नेमका लग्नाचा. आमच्या शाळेतून एकच नाव जायचं होतं आणि बाईंनी माझं घातलं. का घातलं ते त्यांनाच ठाऊक. मला वाटतं, न थकता इतकं लिहिणारी दुसरी कुणी नव्हती. घरी येऊन मी सांगितलं आणि रडायलाच बसले. कारण मी करवली होते. नवरीची धाकटी बहीण म्हणून अक्षतांच्या वेळी तिच्या मागं करा धरून उभं राहायचा मान माझा. तांब्यात पाणी, वर पानं, पानांवर नारळ. महिनाभर मी घरातला तांब्या घेऊन पडवीत सराव करत होते.

"निबंध काय, पुढल्या वर्षीबी येतोय," तात्या म्हणाले. "बहीण पुढल्या वर्षी परत लगीन करती का?"

"करवलीबिगर लगीन म्हंजी..." आईनं वाक्य सोडून दिलं. आमच्या घरात सोडून दिलेलं वाक्य फार गंभीर समजलं जायचं.

"कुंदी जाईल," शैलाताई म्हणाली.

इतकं छोटं वाक्य ऐकायची कुणाला सवय नव्हती. सगळे दचकले. तिनं परातीतला हात झटकला आणि म्हणाली, "मी चुलीपशी बसून बसून तिचं इतकं निबंध ऐकलं. त्यातला एक तरी कुणी भायेरच्यानं ऐकावा की न्हाय? सकाळचीच स्पर्धा हाय, तिला जाऊ द्या. आन् ती आल्याबिगार मी पाटावर हुभी ऱ्हात न्हाय. करा तिच्याच हातात पायजे."

"आगं, मुहूर्त?" तात्या ओरडले. "अण्णांचं साडेबारा?"

तेव्हा बापूकाका उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी आधीही पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "माईक माझ्या हातात हाय," ते म्हणाले. "कुंदी येईस्तवर मुहूर्त जाग्यावरनं हालू दिला तर नाव लावणार न्हाय."

"आजवर समदे तुला आवर म्हनत आले," आई म्हणाली. "पयल्यांदाच कोन तरी लांबीव म्हनतंय. बघ, नेमकं त्याच दिशी आवरतं घेशील."

माझ्याबरोबर कुणी जायचं, हा प्रश्न आबांनी सोडवला. लग्नात बाकी सगळ्यांना कामं होती; आबांचं काम फक्त अक्षता टाकायचं. लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाडाचा ट्रक निघाला. मागं बायका, पोरं, रुखवताचे डबे, पुढं केबिनमध्ये हळदीनं पिवळी झालेली शैलाताई. मी हिरवं परकर-पोलकं घातलं होतं, आबांनी नवा पटका आणि खांद्यावर घोंगडी. बारामतीत त्या शाळेच्या फाटकापाशी ट्रक थांबला, आम्ही दोघं उतरलो, आणि अख्खं वऱ्हाड हात हलवायला लागलं. ताईनं केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मुंडावळ्या सांभाळत ओरडली, "शेवट चांगला कर गं!"

स्पर्धा सकाळी लवकर होती, म्हणजे तशी सूचना होती. पण पाहुणे यायचे होते. पाहुणे आले, मग हार झाले, मग संयोजक सर प्रास्ताविकाला उठले. त्यांनी निबंध या प्रकाराचा उगम सांगायला घेतला तेव्हा मला काकांची इतकी आठवण आली की गहिवरून आलं. आबा दाराशी उभं राहून कौतुकानं ऐकत होते. "मानूस चांगला बोलतोय," मला खुणेनं म्हणाले. "पर आपली यष्टी हाय." शेवटी एकदाचं फळ्यावर विषय लिहिला गेला. मी वाचला आणि माझ्या कपाळावर घाम आला. विषय होता: वेळेचे महत्त्व.

सगळ्या वर्गानं एकदम माना खाली घातल्या आणि "वेळ ही अमूल्य आहे" असं लिहिल्याचा खरखर आवाज आला. माझाही मांडव तयार होता. सूर्य वेळेवर उगवतो. चंद्र वेळेवर मावळतो. कोंबडा वेळेवर आरवतो. ऋतू एकामागून एक येतात. मी सूर्य लिहिला, चंद्र लिहिला, आणि कोंबड्याला टॉवेल-टोपी द्यायला लागले, तोच खिडकीच्या गजातून काठीचं टोक आत आलं आणि माझ्या बाकावर टकटक वाजलं.

"झालं का गं?" आबा.

"आजोबा, बाजूला व्हा. इथं उभं राहता येणार नाही," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

"मी कुटं लिवतोय बाई? मी नुस्ता हुभा हाय."

"मुलांचं लक्ष जातं."

"तुमी लक्ष द्या की मग. माज्या नातीचं लगीन हाय इंदापुरात."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. नववीतली मुलगी, हिरवं पोलकं, हात पिवळेधमक. "हिचं?" त्या किंचाळल्या.

"हिचं न्हाय वो. हिच्या बहिनीचं. ही नुस्ती करवली. त्याचं आसं झालं..." आणि आबा खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. ते सुपारीच्याही आधीपासून सुरू करणार होते हे मी ओळखलं. बाई ऐकायला लागल्या, मागच्या दोन बाकांवरची मुलं ऐकायला लागली, आणि माझ्या डोळ्यांसमोर काका उभे राहिले. हातात माईक, समोर अण्णा मनगट उलटं करून बघतायत, आणि आत ताई पाटाच्या शेजारी, पाटावर नाही. मी कोंबडा खोडला. चंद्र खोडला, सूर्यही खोडला. आणि खाली लिहिलं, "आज साडेबारा वाजता इंदापुरात माझ्या बहिणीचं लग्न आहे आणि मी बारामतीत वेळेचं महत्त्व लिहीत बसले आहे. माझे आजोबा खिडकीत उभे आहेत."

एवढं लिहून मी थांबले. आणि मला अगदी स्पष्ट ऐकू आलं: "पुढं?"

मग मला काही विचार करावाच लागला नाही. नवरी पहिल्या ओळीतच येऊन उभी होती, त्यामुळं पाहुणे आपोआप तिच्याभोवती गोळा झाले. कुणाला काही द्यावं लागलं नाही. मी अण्णांचं घड्याळ लिहिलं, काकांचा माईक लिहिला, चुलीपाशी "पुढं?" म्हणणारी ताई लिहिली. अण्णांचा वेळ घड्याळात असतो, काकांचा माईकमध्ये, आणि माझ्या ताईचा आज माझ्यात आहे, असं एक वाक्य लिहिलं. ते कुठून आलं ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांत तसं दुसरं आलेलं नाही. जेमतेम दीड पान झालं होतं. आता शेवट करायचा, "आपण सर्वांनी प्रयत्न करूया" लिहायचं, तर पेन पुढं जाईना. मी लिहिलं, "या निबंधाचा शेवट इंदापुरात आहे, म्हणून मी निघते." पेपर बाईंच्या हातात कोंबला आणि पळाले. बाई अजून आबांच्या गोष्टीत होत्या. "आजोबा, मग त्या मेंढराचं काय झालं?" असं त्यांनी मागून विचारल्याचं मला आठवतं.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा इंदापूरची एसटी गेली होती. तिला वेळेचं महत्त्व निबंध न लिहिता कळलेलं होतं. पुढची कधी, हे चौकशीच्या खिडकीत विचारलं, तर ती थेट अक्षता पडून गेल्यावरची निघाली. आबा मात्र चालायला लागले, थेट इंदापूर रस्त्यावर. मेंढरं होती त्या काळात कळप रस्ता ओलांडताना गाड्या थांबवायचं काम त्यांचं. रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, काठी आडवी धरायची, आणि समोरच्या गाडीकडं बघायचंच नाही. बघितलं की ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. न बघणाऱ्यापुढं तो थांबतो. आबा तसेच उभे राहिले. मागं कळप म्हणून मी एकटी. आणि धूळ उडवत, ब्रेक करकचून दाबत एक दुधाचा टेम्पो त्यांच्या काठीपाशी येऊन थांबला.

"आबा! जीव नको झालाय का?" टेम्पोवाल्यानं मुंडकं बाहेर काढलं.

"इंदापूरला चाललास का?"

"निमगावपातूर. मोकळं कॅन टाकीत टाकीत."

"मग टाक की. आमी बी टाकू लागतो," आबा म्हणाले आणि चढून बसले.

टेम्पोवाल्याचं नाव गुलाब. दर गावाला थांबून गवळ्यांचे मोकळे कॅन उतरवायचे, हे त्याचं काम. पिंपळीला त्यानं कॅन उतरवले, आम्ही बघत होतो. पुढच्या गावाला मी न राहवून खाली उडी मारली आणि कॅन फेकायला लागले. लासुर्ण्यापासून तर टेम्पो पुरता थांबायच्या आत आबा ओरडायचे, "टाक!" आणि मी मागून टाकायचे. धडाड् धडाड्. माणसं दारातून बाहेर येऊन बघायची. माझं पोलकं दुधानं आंबलं होतं, मेंदी-हळद एक झाली होती, केसांतला गजरा कुठल्या तरी कॅनमध्ये गेला होता, आणि गुलाब हसून हसून स्टिअरिंगवर पडत होता. निमगावला त्याचं काम संपलं. त्यानं आमच्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "जाऊ द्या, आता करवली मांडवात सोडल्याबिगार मला बी चैन पडायची न्हाय."

निकालाचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं मध्येमध्ये येणार नाही. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा झाकणाचा डबा. परीक्षकांनी शेरा मारला होता: "सुरुवात उत्तम. समारोप केलेला नाही." त्या डब्यात मी अजून शेंगदाण्याची चटणी ठेवते.

इकडं मांडवात काय चाललं होतं, ते मला कॅसेटमुळं माहीत आहे. तेव्हा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायची नवी हौस आली होती. ती कॅसेट आमच्या घरात इतक्या वेळा लागली की शेवटी शेवटी बापूकाकांच्या तोंडावर पट्टे यायला लागले. साडेबाराला काका ताजेतवाने दिसतात. चेअरमन होतात, सरपंच होतात, गावोगावचे पोलीस पाटील होतात. मग पाहुणे संपतात. काका एकदा कमानीकडं बघून घेतात आणि म्हणतात, "ज्यांच्या हातची लापशी आपण थोड्याच वेळात घेणार आहोत, ते आचारी या ठिकाणी आवर्जून उपस्थित आहेत, त्यांचं मी स्वागत करतो." पडद्याआडून आचारी झाऱ्यासकट बाहेर येतो आणि टॉवेल-टोपी घेऊन जातो. मग बॅण्डवाले, मग जनरेटरवाला. मग शूटिंगवाल्याचं स्वागत होतं, तेव्हा कॅमेरा खाली जातो आणि बराच वेळ नुसती सतरंजी दिसते. मग अण्णांचा आवाज येतो, "अहो, नवरीला बोलवा! पाऊण तास झाला!" आणि आतून आईचा, "नवरी उभी ऱ्हात न्हाय म्हनती." अख्ख्या मांडवात कुजबूज. नवरदेवाचा चेहरा असा, की बिचाऱ्याला वाटलं असणार, हिला आपणच पसंत नाही. तात्या खुर्चीत दोन्ही हातांत डोकं धरून बसलेले. काका घसा खाकरतात. आवाज बसलाय. "या मांडवाची," ते म्हणतात, "या मांडवाची थोडी माहिती या ठिकाणी देणं मला गरजेचं वाटतं."

तेवढ्यात मांडवाच्या कमानीत रिकाम्या हौद्याचा खडखडाट करत टेम्पो घुसला. वर आबांचा पटका.

"ज्यांची," काका माईकमध्ये ओरडले आणि त्यांचा आवाज फाटला, "ज्यांची आपण वाट बघत होतो..."

मी उडी मारून पळाले ती थेट अण्णांवर जाऊन आदळले. अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. दूध, धूळ, हळद. मनगट उलटं करून घड्याळ बघितलं, मग परत मला.

"तुझ्यासाठी थांबलंय होय हे सगळं?"

"व्हय."

"कुठं होतीस?"

"बारामतीला. निबंधाच्या स्पर्धेला."

"कसला निबंध?"

तात्यांनी डोळे मिटून घेतले. "वेळेचे महत्त्व," मी म्हणाले.

आधी कुणालाच कळलं नाही. मग मागं आचारी फिस्सकन हसला. मग बॅण्डवाले. मग हसणं खुर्च्यांच्या रांगांमधून वाऱ्यासारखं पुढं आलं, आणि अण्णांची मिशी एका बाजूनं हलली, मग दुसऱ्या बाजूनं, आणि तो लष्करी माणूस पोट धरून खुर्चीवर बसला. "लावा अंतरपाट!" डोळे पुसत ते म्हणाले. "लावा, न्हायतर ही निकाल लागेपर्यंत थांबवील!" बापूकाका मात्र माईक सोडायला तयार नव्हते. एक पाहुणा राहिला होता. त्यांनी आबांना खुणेनं नाव विचारलं आणि गुलाबरावांचं रीतसर स्वागत करून, टॉवेल-टोपी देऊन, मगच ते खाली बसले.

आईनं माझं तोंड पदरानं खसाखसा पुसलं आणि हातात करा दिला. ताई पाटावर उभी राहिली. मामा तिच्या पाठीशी, मामांच्या शेजारी मी. भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं, चारी बाजूंनी अक्षता पडायला लागल्या, तांब्यातलं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मुंडावळ्यांमधून ताईनं मान अगदी किंचित मागं वळवली.

"शेवट काय केलास गं?"

"न्हाय केला," मी म्हणाले. "हितंच घेऊन आले."

भटजींचा आवाज चढला. अंतरपाट धरणाऱ्यांनी हात सैल केले. ताई समोर बघत होती, तरी ती हसतेय हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

"पुढं?" ती म्हणाली, आणि अंतरपाट खाली आला.